अर्जाची शेवटची तारीख आणि सर्व्हरवरील भारवाटप

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारने स्वतंत्र तरतूद करावी, ही मागणी त्यांनी तेथे लावून धरली आणि १९४४ पासून केंद्र सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज आपल्या समाजात जे डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापक, अधिकारी दिसतात, त्यांतील कितीतरी जणांच्या फीचा आणि वसतिगृहाचा भार ह्या शिष्यवृत्तीने उचललेला आहे. पूर्वी तिचा अर्ज कागदावर असे. कॉलेजच्या कारकुनाकडे तो दिला, पोच घेतली की काम झाले. आता अर्ज ऑनलाईन भरावा लागतो. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, बँकेचे खाते हे सारे जमवता जमवता शेवटची तारीख उजाडते. विद्यार्थी सायबर कॅफेत जाऊन बसतो आणि पडद्यावरचे चाक नुसते फिरत राहते.

विचारले तर "सर्व्हर डाऊन आहे" एवढेच उत्तर मिळते आणि पाऊस लांबला म्हणावे तसे आपण ते मान्य करतो. परंतु सर्व्हर डाऊन होणे ही काही नैसर्गिक आपत्ती नव्हे. प्रतीत्यसमुत्पाद मानणाऱ्या माणसाने तरी कारणाशिवाय काही घडते असे मानू नये. ह्या चाकालाही कारणे आहेत. ती शोधलेली आहेत आणि त्यांवरचे उपाय गेली तीस वर्षे जगभर वापरात आहेत. अनेक सर्व्हरांवर काम वाटून देण्याच्या ह्या उपायाला नेटवर्क लोड बॅलन्सिंग, म्हणजेच भारवाटप, म्हणतात. प्रस्तुत लेखात ते कसे केले जाते आणि कोठे फसते हे पाहावयाचे आहे. संगणकाचे शिक्षण घेणाऱ्या मुला-मुलींना त्यातील मांडणीचा उपयोग होईल. इतरांनी निदान लेखाचा शेवटचा भाग अवश्य वाचावा.

दोन घटना आठवून पाहा. १६ जुलै २०२१ रोजी महाराष्ट्रात दहावीचा निकाल जाहीर झाला. सुमारे १६ लाख विद्यार्थी आणि त्यांचे पालक एकाच वेळी निकाल पाहू लागले आणि निकालाची संकेतस्थळे कित्येक तास उघडतच नव्हती. त्याच वर्षी २८ एप्रिलला दुपारी ४ वाजता १८ वर्षांवरील सर्वांसाठी कोविन संकेतस्थळावर लसीची नोंदणी सुरू झाली. तेही पहिली काही मिनिटे अडखळले, पण सावरले आणि त्याच दिवशी एक कोटीहून अधिक लोकांची नोंदणी झाली. म्हणजे गर्दी मोठी होती एवढे कारण पुरेसे नाही. गर्दीची तयारी कशी केली होती हे विचारावे लागते.

वाढपी आणि पंगत

सर्व्हर ह्या शब्दाचा साधा अर्थ वाढपी. आपण मोबाईलवर एखादे पान उघडतो तेव्हा दूरच्या एका संगणकाकडे विनंती जाते आणि तो आपल्याला पान वाढतो. समजा, एका वाढप्याला एक विनंती पुरी करायला सरासरी १० मिलिसेकंद लागतात. म्हणजे सेकंदाला तो १०० विनंत्या पुऱ्या करू शकतो. मग सेकंदाला ९० आल्या तरी काय बिघडले, असे वाटेल. पण माणसे घड्याळ लावून समान अंतराने येत नाहीत, झुंडीने येतात. डेन्मार्कमधील गणिती ए. के. एर्लांग ह्यांनी कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीसाठी ह्या प्रश्नाचा अभ्यास केला आणि १९०९ साली त्यावरील पहिला निबंध प्रसिद्ध केला. रांगांचे शास्त्र तेथून वाढले.

त्या शास्त्राचा सर्वांत साधा हिशेब असा आहे. आपल्या वाढप्याकडे सेकंदाला ५० विनंत्या आल्या तर रांगेसह सरासरी २० मिलिसेकंद लागतात. ८० आल्या तर ५०, ९० आल्या तर १०० आणि ९९ आल्या तर तब्बल १००० मिलिसेकंद, म्हणजे पुरा एक सेकंद. काम दुप्पटदेखील झालेले नाही, पण वाट पाहणे पन्नासपट झाले. शंभराच्या पुढे तर हिशेबच संपतो. सेकंदाला ३०० आल्या की दर सेकंदाला २०० मागे साचतात आणि एका मिनिटात १२,००० जणांची रांग होते. अशा वेळी कंटाळलेला विद्यार्थी पुन्हा पुन्हा बटण दाबतो. प्रत्येक दाबणे ही नवी विनंती. जुनी विनंती सोडून तो निघून गेलेला असतो, पण वाढपी त्याचे ताट भरतच असतो. सर्व्हर कामात पूर्ण बुडालेला आहे आणि एकाच्याही पदरात काही पडत नाही, अशी अवस्था येते.

उपाय उघड आहे. वाढपी वाढवावे. पण वाढपी वाढवले म्हणजे पंगत आपोआप वाटली जाते असे नाही. दरवर्षी ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर आणि शिवाजी पार्कवर लाखो अनुयायी येतात. भोजनदान, पिण्याचे पाणी, पुस्तकांचे स्टॉल ह्यांची गर्दी सहज वाटली जाते. एका मंडळाकडे गर्दी दिसली की माणसे दुसरीकडे जातात, स्वयंसेवकही तसे सांगतात. स्तूपाच्या दर्शनाची रांग मात्र वाटता येत नाही, कारण स्तूप एकच आहे. तेथे समता सैनिक दलाचे सैनिक रांग शिस्तीत पुढे सरकवतात, एवढेच करता येते. कोणते काम वाटता येते आणि कोणते येत नाही, हा भेद वाचकांनी मनात धरून ठेवावा. पुढे डेटाबेसची गोष्ट येईल तेव्हा तो लागणार आहे.

नावाच्या मागे अनेक पत्ते

वेबच्या अगदी सुरुवातीच्या काळात अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए ह्या केंद्रापुढे हा प्रश्न आला. मोझेक हा ब्राउझर १९९३ साली तेथेच तयार झाला होता आणि तो घेण्यासाठी साऱ्या जगाची गर्दी त्यांच्या संकेतस्थळावर लोटली. त्यांनी एकसारखे अनेक सर्व्हर लावले, सर्वांना सामाईक फाइली दिल्या आणि नावावरून पत्ता सांगणाऱ्या डीएनएस यंत्रणेला सांगितले की, पहिल्याने विचारले तर पहिल्या सर्व्हरचा पत्ता दे, दुसऱ्याने विचारले तर दुसऱ्याचा. १९९४ साली त्यांनी ही रचना प्रसिद्ध केली.

युक्ती सोपी आणि बिनखर्चाची आहे, पण तिच्यात दोन दोष आहेत. एकदा मिळालेला पत्ता वाटेतली यंत्रे काही काळ लक्षात ठेवतात. त्यामुळे एका विचारणेवर मिळालेला पत्ता एका कॉलेजातील शेकडो मुले वापरतात आणि सारी एकाच सर्व्हरवर आदळतात. दुसरे असे की, एखादा सर्व्हर बंद पडला तरी त्याचा पत्ता वाटला जातच राहतो. चारपैकी एक मेला तर दर चौघांतील एकाला कुलूपबंद दार दिसते.

म्हणून दारातच एक जाणता स्वयंसेवक उभा करण्याची पद्धत आली. तोच लोड बॅलन्सर. बाहेरच्या जगाला फक्त त्याचाच पत्ता माहीत असतो. विनंती त्याच्याकडे येते, तो मागच्या एका सर्व्हरकडे ती देतो आणि उत्तर आणून परत करतो. त्यासाठी महागडी स्वतंत्र यंत्रे मिळतात. पण २००१ सालचे एचएप्रॉक्सी आणि २००४ सालचे एनजिनएक्स ही दोन मोफत सॉफ्टवेअरे साध्या लिनक्स संगणकावर तेच काम उत्तम करतात. विद्यार्थ्यांनी ह्यांपासूनच सुरुवात करावी असे माझे मत आहे, कारण त्यांची मांडणी डोळ्यांपुढे उघडी असते.

एनजिनएक्समध्ये अपस्ट्रीम नावाचा एक गट लिहावयाचा, त्यात मागच्या सर्व्हरांचे पत्ते एकाखाली एक द्यावयाचे आणि मुख्य भागात प्रॉक्सी-पास ह्या ओळीने येणाऱ्या विनंत्या त्या गटाकडे वळवावयाच्या. एवढ्यावर भारवाटप चालू होते. आणखी काही सांगितले नाही तर ते पाळीपाळीने वाटते. एखादा सर्व्हर दुप्पट ताकदीचा असेल तर त्याच्यापुढे वेट म्हणजे वजन २ लिहावे. पण सर्व विनंत्या सारख्या नसतात. कोणी नुसते पान पाहतो, तर कोणी दाखल्याची मोठी फाइल चढवतो. म्हणून ज्याच्याकडे सध्या सर्वांत कमी कामे चालू आहेत त्याच्याकडे पाठव, असे सांगणारी लीस्ट-कनेक्शन्स पद्धत बहुधा बरी पडते. बॅलन्सरच अनेक असतील आणि प्रत्येकाला पूर्ण चित्र दिसत नसेल, तर कोणतेही दोन सर्व्हर सहज निवडून त्यांतील कमी भाराचा घेणे ही पद्धतही आश्चर्य वाटावे इतकी चांगली चालते. एकच निवडण्याऐवजी दोन पाहून एक निवडल्याने गर्दीची टोके एकदम खाली येतात, हे १९९० च्या दशकात गणिताने सिद्ध झालेले आहे.

अर्धा भरलेला अर्ज

खरी अडचण वाटण्याची नसून आठवणीची आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज पाच-सहा पानांचा असतो. विद्यार्थी नाव आणि पासवर्ड देऊन आत येतो. हा कोण आहे, ह्याने कोणते पान भरले, ही नोंद, म्हणजे सेशन, पहिला सर्व्हर स्वतःच्या स्मृतीत ठेवतो. पुढच्या पानाची विनंती बॅलन्सर दुसऱ्या सर्व्हरकडे देतो. तो म्हणतो, मी तुला ओळखत नाही, पुन्हा लॉगिन कर. दोन तास खपून भरलेला अर्ज कोरा. विद्यार्थ्याला वाटते आपलेच काही चुकले.

ह्यावर घाईचा उपाय असा की, एक माणूस एकाच सर्व्हरला बांधून टाकावा. एनजिनएक्समध्ये आयपी-हॅश लिहिले की येणाऱ्याच्या आयपी पत्त्यावरून सर्व्हर ठरतो. पत्ता तोच तर सर्व्हर तोच. कागदावर हे चांगले दिसते. पण आपल्या देशात बहुसंख्य लोक मोबाईलवरून येतात आणि मोबाईल कंपन्या हजारो ग्राहकांना बाहेर एकाच आयपी पत्त्यामागून नेतात. त्यात एनजिनएक्स आयपीव्ही४ पत्त्याचे फक्त पहिले तीन आकडेच पाहते. परिणामी एका कंपनीचे एका भागातील सारे ग्राहक एकाच सर्व्हरच्या डोक्यावर बसतात आणि शेजारचा सर्व्हर मोकळा राहतो. आयपीऐवजी कुकीने बांधावे हे त्याहून बरे. एचएप्रॉक्सी तसे करू शकते. तरीसुद्धा तो सर्व्हर बंद पडला तर त्याच्यावर बांधलेल्या सर्वांचे अर्धे अर्ज गेलेच.

निर्दोष उपाय एकच आहे. वाढप्याने स्वतःजवळ काहीही आठवण ठेवू नये. सेशनच्या नोंदी रेडिस किंवा मेमकॅश्डसारख्या सामाईक जागी ठेवाव्यात आणि प्रत्येक पान भरले की ते लगेच डेटाबेसमध्ये कच्चा अर्ज म्हणून उतरवावे. चढवलेल्या दाखल्यांच्या फाइलीही त्या सर्व्हरच्या डिस्कवर न ठेवता सामाईक साठ्यात ठेवाव्यात. नाही तर तपासणीच्या वेळी चारपैकी तीनदा "कागदपत्र आढळले नाही" असे येईल. हे काम बॅलन्सरच्या मांडणीत बसत नाही, अर्जाची प्रणाली लिहिणाऱ्यानेच ते पहिल्या दिवसापासून करावे लागते. मागाहून चार सर्व्हर विकत घेऊन ते भरून निघत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. बॅलन्सर मध्ये आला की मागच्या सर्व्हरला सर्व विनंत्या एकाच पत्त्यावरून, म्हणजे बॅलन्सरच्याच पत्त्यावरून, आलेल्या दिसतात. एका पत्त्यावरून फार विनंत्या आल्या तर तो पत्ता रोखावा असा सुरक्षेचा नियम मागे असेल, तर तो बॅलन्सरलाच रोखतो आणि सारे संकेतस्थळ स्वतःच्या हाताने बंद होते. ह्यासाठी मूळ पाहुण्याचा पत्ता एक्स-फॉरवर्डेड-फॉर ह्या मथळ्यात पुढे द्यावा लागतो आणि मागच्या सर्व्हरने तो फक्त आपल्या बॅलन्सरकडून आला तरच खरा मानावा लागतो.

जिवंत कोण, हे कोण सांगणार?

बॅलन्सरचे दुसरे मोठे काम म्हणजे मागचे सर्व्हर जिवंत आहेत की नाहीत ह्यावर लक्ष ठेवणे. एचएप्रॉक्सीला चेक असे सांगितले की ते दर २ सेकंदांनी प्रत्येकाला हाक मारते. लागोपाठ ३ वेळा उत्तर आले नाही तर त्याला रांगेतून काढते आणि पुन्हा लागोपाठ २ वेळा आले की परत घेते. एनजिनएक्सची मोफत आवृत्ती अशी आपणहून हाक मारत नाही. खरी विनंती देऊन ती फसली की १० सेकंद त्या सर्व्हरला बाजूला ठेवते. हे आकडे न सांगता मिळणारे आहेत, ते बदलता येतात.

हाक कशाची मारावी हे मात्र विचारपूर्वक ठरवावे. नुसते यंत्र चालू आहे का एवढेच विचारले तर फसगत होते. समजा, एका सर्व्हरवरील अर्जाची प्रणाली बिघडली आहे आणि तो प्रत्येक विनंतीला क्षणात "चूक" एवढे उत्तर देऊन मोकळा होतो. कमीत कमी कामे त्याच्याकडेच दिसतात. मग लीस्ट-कनेक्शन्स पद्धत भोळेपणाने साऱ्या गर्दीला त्याच्याकडेच पाठवते. उलट, हाकेत डेटाबेसची तपासणीसुद्धा घातली आणि डेटाबेस क्षणभर मंदावला, तर चारही सर्व्हर एकदम मेलेले ठरतात आणि चांगले चाललेले काम बंद पडते. मधला मार्ग असा की, प्रणाली स्वतः चालू आहे आणि एक लहानसे पान नीट बनवते आहे एवढे तपासावे.

आता बॅलन्सरच मेला तर? दारातला एकच स्वयंसेवक चक्कर येऊन पडला तर साऱ्या पंगती रिकाम्या राहतील. म्हणून दोन बॅलन्सर ठेवतात आणि दोघांत एकच सामाईक पत्ता ठेवतात. व्हीआरआरपी नावाच्या नियमाप्रमाणे मुख्य बॅलन्सर दर सेकंदाला "मी आहे" असे सांगतो. तीन-चार सेकंद आवाज आला नाही की दुसरा तो पत्ता आपल्या अंगावर घेतो. लिनक्सवर कीप-अलाइव्ह-डी हे सॉफ्टवेअर हे काम करते.

विंडोज सर्व्हरमध्ये ह्याहून निराळी, पण मोठी कल्पक रचना आहे. व्हॅलन्स रिसर्च ह्या कंपनीचे कॉन्व्हॉय क्लस्टर हे उत्पादन १९९८ साली मायक्रोसॉफ्टने घेतले आणि विंडोज २००० मध्ये ते नेटवर्क लोड बॅलन्सिंग ह्या नावाने आले. येथे दारात कोणीच नसतो. सर्व सर्व्हरांना एकच सामाईक पत्ता असतो आणि प्रत्येक विनंती प्रत्येकाच्या कानावर पडते. सारेजण एकाच सूत्राने हिशेब करतात आणि ती ज्याच्या वाट्याची असेल तोच उचलतो, बाकीचे सोडून देतात. अशा गटात जास्तीत जास्त ३२ सर्व्हर घेता येतात. प्रत्येकाला वेगळा क्रमांक द्यावा लागतो. सारे एकमेकांना दर सेकंदाला खूण देतात. एकाच्या पाच खुणा चुकल्या की उरलेले पुन्हा वाटणी करून घेतात.

मांडणी करताना पोर्टचे नियम, अॅफिनिटी आणि चालण्याची रीत ह्या तीन गोष्टी ठरवाव्या लागतात. आरंभी सर्व पोर्ट खुले असतात, ते कमी करून वेबचे ८० आणि ४४३ एवढेच ठेवावेत. अॅफिनिटी सिंगल ठेवली तर एका पत्त्याचा माणूस एकाच सर्व्हरकडे जातो, म्हणजे वर सांगितलेली मोबाईलची अडचण येथेही आहेच. युनिकास्ट रीतीत सर्व सर्व्हर एकच मॅक पत्ता वापरतात, त्यामुळे स्विच प्रत्येक पाकीट सर्व दारांना देतो आणि त्याच जाळ्यावर ते सर्व्हर एकमेकांशी बोलू शकत नाहीत. त्यासाठी दुसरे नेटवर्क कार्ड लावावे लागते. मल्टिकास्ट रीतीत हा दोष नाही, पण काही राउटरांवर पत्त्यांची जोडी हाताने लिहून ठेवावी लागते. मुख्य उणीव ही की, ह्या रचनेला यंत्र बंद पडलेले कळते, पण यंत्र चालू असून वेब सेवा बंद पडलेली कळत नाही. ते पाहणारी वेगळी व्यवस्था आपण करावी.

किती सर्व्हर घ्यावेत ह्याचे उत्तर मघाच्या रांगेच्या हिशेबात आहे. तीन सर्व्हर प्रत्येकी ६० टक्के भरलेले असतील तर सारे छान चाललेले दिसते. त्यांतील एक बंद पडला की उरलेले दोन ९० टक्क्यांवर जातात आणि त्याच हिशेबाने वाट पाहणे चौपट होते. म्हणून ऐन गर्दीत प्रत्येक सर्व्हर ५० टक्क्यांपर्यंतच भरेल असा बेत असावा. म्हणजे एक गेला तरी बाकीचे ७५ टक्क्यांवर राहतात. "अर्धी ताकद वाया जाते" असे हिशेबनीस म्हणतील, त्यांना हे गणित दाखवावे.

एकच स्तूप

आता डेटाबेसकडे येऊ. वेब सर्व्हर चाराचे चाळीस करता येतात, परंतु अर्जांची अंतिम नोंद ठेवणारा मुख्य डेटाबेस बहुधा एकच असतो. मायएसक्यूएल काही न सांगता एका वेळी १५१ जोडण्या घेते. चार सर्व्हरांनी प्रत्येकी ५० मागितल्या तर २०० झाल्या, मग उरलेल्यांना नकार. सर्व्हर वाढवल्याबरोबर संकेतस्थळ आणखी बिघडले असे पुष्कळदा घडते, त्याचे कारण हेच. दारे रुंद केली, पण दर्शनाची जागा तेवढीच राहिली.

येथे निकाल आणि अर्ज ह्यांतील फरक पाहावा. निकाल नुसता वाचावयाचा असतो, एकदा लागला की बदलत नाही. प्रत्येकी एक किलोबाइट धरले तरी १६ लाख विद्यार्थ्यांचा निकाल दीड-पावणेदोन जीबीत मावतो. इतका तर साध्या मोबाईलमध्येही मावेल. त्याची पूर्ण प्रत प्रत्येक सर्व्हरच्या स्मृतीत ठेवली की डेटाबेसकडे जाण्याचे कारणच उरत नाही. भोजनदानाप्रमाणे हे काम हवे तितके वाटता येते, म्हणून निकालाचे संकेतस्थळ कोसळणे मला तरी क्षम्य वाटत नाही. अर्जाचे काम कठीण आहे, कारण तेथे लिहावे लागते. तेथे सैनिकांचीच रीत वापरावी लागते. आलेला अर्ज लगेच सुरक्षित रांगेत घेऊन विद्यार्थ्याला पोच क्रमांक द्यावा आणि पडताळणी मागाहून सवडीने करावी. विद्यार्थ्याला शेवटच्या रात्री हवी असते ती पोच. छाननी आठवडाभराने झाली तरी त्याचे काही जात नाही.

हे सारे करून पाहायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. तीन जुने संगणक किंवा एकाच संगणकावरील तीन आभासी यंत्रे पुरतात. एकावर एनजिनएक्स बॅलन्सर, दोघांवर आपापले नाव दाखवणारे साधे पान. पान पुन्हा पुन्हा उघडले की नावे बदलताना दिसतील. मग अपाचेसोबत मिळणाऱ्या एबी ह्या साधनाने एका वेळी शंभर अशा दहा हजार विनंत्या पाठवाव्यात आणि त्या चालू असतानाच एका सर्व्हरची वायर उपटावी. किती विनंत्या फसल्या तो आकडा कागदावर लिहावा, मांडणी बदलावी, पुन्हा उपटावी. नोकरीच्या मुलाखतीत ह्या वहीचा उपयोग प्रमाणपत्रापेक्षा जास्त होतो.

पडद्यावरचे तीन आकडे

ज्यांना संगणकाच्या मांडणीशी कर्तव्य नाही, त्यांनी तीन आकडे तरी ओळखून ठेवावेत. ५०२ दिसले तर दारातला बॅलन्सर जिवंत आहे, पण मागच्या सर्व्हरकडून त्याला धड उत्तर मिळाले नाही. ५०३ म्हणजे सेवा देण्यास सध्या सर्व्हर मोकळा नाही. ५०४ म्हणजे मागच्याने ठरलेल्या वेळात उत्तर दिले नाही. एनजिनएक्समध्ये ही वेळ बदलली नसेल तर ६० सेकंद असते. ह्या तिन्हींपैकी काही दिसले तर दोष विद्यार्थ्याचा, त्याच्या मोबाईलचा किंवा सायबर कॅफेवाल्याचा नाही. उलट ४०० ते ४९९ मधील आकडा आला तर सहसा आपण पाठवलेल्या विनंतीतच काही चुकलेले असते. अपवाद ४२९ चा, तो फार विनंत्या येत असल्याचे सांगतो.

असा आकडा दिसला की पडद्याचे छायाचित्र घ्यावे. त्यात तारीख, वेळ आणि संकेतस्थळाचा पत्ता दिसला पाहिजे. बॅलन्सर प्रत्येक विनंतीची आणि तिला काय उत्तर गेले ह्याची नोंद सेकंदासह ठेवत असतो. मुदतवाढीसाठी निवेदन देताना "संकेतस्थळ चालत नव्हते" असे मोघम लिहू नये. अमुक तारखेला रात्री अमुक ते अमुक वेळेत ५०३ हे उत्तर येत होते, असे लिहावे आणि दहा-वीस विद्यार्थ्यांची छायाचित्रे एकत्र जोडावीत. तरीही दाद मिळाली नाही तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली, त्या वेळेत किती विनंत्या आल्या आणि किती ५०२, ५०३, ५०४ ने परत गेल्या, ही संख्या मागता येते. उत्तराची मुदत साधारणतः ३० दिवसांची आहे. मात्र उशीर करू नये. सर्ट-इन ह्या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सरकारी कार्यालयांनाही अशा नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात. त्यानंतर त्या पुसल्या गेल्या तर विचारण्यासारखे फारसे काही उरत नाही.